लोकमान्य टिळकांचा ऋतुविचार : ‘ओरायन’ आणि ‘आर्क्टिक होम’ यांची एक समीक्षा

लोकमान्य टिळकांच्या ‘ओरायन’ (१८९३) आणि ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) या दोन इंग्रजी ग्रंथांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. मात्र त्यातील बहुतेक लेखन दोन टोकांना विभागलेले दिसते. एका टोकाला ‘टिळकांनी गणिताने सिद्ध केले’ असे म्हणून चर्चाच थांबविणारे आदरयुक्त लेखन आहे, तर दुसऱ्या टोकाला उत्तर ध्रुवावरील आर्यांची कल्पना ही एका थोर राजकीय नेत्याची विद्याविलासी हौस समजून तिच्याकडे सस्मित दुर्लक्ष करणारे लेखन आहे. महाविद्यालयीन चर्चासत्रांतून या दोन्ही प्रकारची विधाने प्रस्तुत लेखकाने अनेकदा ऐकली आहेत. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी ग्रंथ मुळातून वाचले असावेत, अशी खात्री मात्र क्वचितच वाटली.

या दोन ग्रंथांचा एकत्रित विचार एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने करणे हा या लेखाचा हेतू आहे. सूर्याच्या संदर्भात पृथ्वीची स्थिती बदलते तेव्हा ऋतू आणि हवामान यांवर काय परिणाम होतो, याविषयी टिळकांचे आकलन काय होते आणि आज ते कितपत टिकते, हा तो प्रश्न होय. भाषाशास्त्र, वंशविचार आणि आर्यांच्या स्थलांतराचा वाद हे विषय येथे हेतुपुरस्सर बाजूला ठेवले आहेत. टिळक हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे ज्योतिर्गणिती त्यांना शिक्षक म्हणून लाभले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी स्वतः गणित शिकविले. तेव्हा त्यांच्या ग्रंथांची परीक्षा त्यांच्याच शास्त्राच्या अंगाने करणे त्यांना अन्यायकारक ठरू नये.

ऋतूंची तीन कारणे

विवेचनाच्या सोयीसाठी काही मूलभूत गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. विज्ञानेतर शाखांच्या प्राध्यापकांतही ‘सूर्य जवळ आला की उन्हाळा’ हा समज आढळतो, म्हणून हा खुलासा. पृथ्वी सूर्याच्या सर्वाधिक जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे थंडी असताना. तेव्हा हे अंतर सुमारे १४.७१ कोटी किलोमीटर असते. जुलैच्या प्रारंभी ती सर्वांत दूर, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर असते. ऋतू घडतात ते मुख्यतः पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. अंतराचा परिणाम दुय्यम आहे, पण तो शून्य नाही. जुलैमध्ये पृथ्वीवर येणारी सौर ऊर्जा जानेवारीपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असते.

यांतील कोणतीही गोष्ट कायमची नाही. अक्षाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या आवर्तनात २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान कमीअधिक होतो. कक्षेचा लांबटपणा, म्हणजे उत्केंद्रता, सुमारे एक लाख वर्षांच्या टप्प्याने बदलते. आणि अक्षाची दिशा भोवऱ्याप्रमाणे सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पूर्ण करते. या तिसऱ्या गतीमुळे वसंतसंपात नक्षत्रांमधून मागे सरकतो, हेच संपातचलन होय. उपसूर्य बिंदू, म्हणजे सूर्याच्या सर्वाधिक जवळचे स्थान, स्वतःही हळूहळू पुढे सरकत असल्यामुळे ऋतूंच्या संदर्भात तो सुमारे २१ हजार वर्षांत सगळे महिने फिरून येतो. तेराव्या शतकाच्या मध्यास तो उत्तरायणारंभाशी जुळला होता. इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास तो शरदसंपाताजवळ, तर इसवी सनापूर्वी ९००० च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात होता. ही शेवटची दोन स्थाने वाचकांनी लक्षात ठेवावीत, त्यांची गरज पुढे लागणार आहे.

संपातचलनाचे एक उदाहरण आपल्या घरातच आहे. मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, परंतु सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास या दोन घटना एकत्र होत्या. त्यानंतर दर सुमारे ७१ वर्षांना एक दिवस याप्रमाणे आज चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. तिळगूळ वाटताना आपण ज्या उत्तरायणाचा उल्लेख करतो ते तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झालेले असते.

‘ओरायन’ : संपातचलन हे घड्याळ

ही चोवीस दिवसांची तफावत ‘ओरायन’च्या युक्तिवादाचे बीज आहे असे म्हटले तरी चालेल. वैदिक वाङ्मयात अमुक नक्षत्राच्या वेळी अमुक ऋतू किंवा वर्षारंभ असल्याचा उल्लेख सापडला, तर ती स्थिती कोणत्या काळी खरी होती हे संपातचलनाच्या गतीवरून काढता येईल, अशी ही पद्धती. गीतेमध्ये श्रीकृष्णाने महिन्यांमध्ये आपण मार्गशीर्ष असल्याचे सांगितले आहे. मार्गशीर्षालाच हा मान का, या जिज्ञासेतून आपला शोध सुरू झाल्याचे टिळकांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. या महिन्याचे दुसरे नाव आग्रहायण, म्हणजे वर्षाच्या अग्रभागाशी संबंध सांगणारे. त्यावरून एके काळी मृगशीर्ष नक्षत्रात वसंतसंपात होता आणि वर्षारंभ तेथून धरला जाई, असे त्यांनी प्रतिपादन केले. गणिताने तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० ते ४५०० येतो. बॉनचे प्राच्यविद्यापंडित हेर्मान याकोबी यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाचे लेखन प्रसिद्ध केले, ही गोष्ट टिळकांच्या पद्धतीची प्रतिष्ठा वाढविणारी आहे.

या ग्रंथातील सर्वांत रेखीव युक्तिवाद तैत्तिरीय संहितेतील एका उताऱ्यावर उभा आहे. तेथे फाल्गुनी पौर्णिमेला वर्षाचे मुख म्हटले आहे. टिळकांनी हे मुख म्हणजे उत्तरायणाचा आरंभ असे मानले. मग चंद्र फल्गुनी नक्षत्रात असताना सूर्य त्याच्या समोर भाद्रपदेत असणार, आणि तेथून नव्वद अंश पुढे, म्हणजे मृगशीर्षात, वसंतसंपात असणार. हे गणित निर्दोष आहे. कोणत्याही वर्गात फळ्यावर मांडावे इतके ते स्वच्छ आहे.

पण गणिताचे गृहीतक निर्विवाद नाही. वैदिक वाङ्मयातच अन्यत्र वसंताला ऋतूंचे मुख म्हटले आहे. फाल्गुनी पौर्णिमा हा उत्तरायणाचा नव्हे तर वसंत ऋतूचा आरंभ मानला, तर सगळा हिशेब काही हजार वर्षांनी अलीकडे सरकतो. थिबो आणि व्हिटनी यांनी १८९० च्या दशकातच याच मर्मावर बोट ठेवले होते. तो आक्षेप आजही पुरता दूर झालेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण येथे उघड होते. सूर्याचे उत्तरेकडे वळणे ही भूमितीतील घटना आहे, तिला एक निश्चित क्षण आहे. वसंत मात्र झाडांवर, वाऱ्यावर आणि डोळ्यांवर अवलंबून असतो. सिंधूच्या काठी तो एका सुमारास येईल आणि गोदावरीच्या काठी दुसऱ्या. ऋतूला घड्याळाचा काटा मानताना टिळकांनी काट्याची जाडी लक्षात घेतली नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शतपथ ब्राह्मणातील कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत या उल्लेखावरून इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा काळ काढला. तेथे ऋतू नव्हे, दिशा हा आधार होता. या दृष्टीने ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या मराठी ग्रंथाचा कर्ता अधिक सावध ठरतो. त्या उल्लेखाचा अर्थही वादग्रस्त आहे, पण तो वाद निदान भूमितीच्या चौकटीत राहतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दीक्षित हे सायन पंचांगाचे, म्हणजे महिने ऋतूंशी कायम बांधून ठेवण्याच्या पक्षाचे पुरस्कर्ते होते. वेदांतील ऋतूंची सरकण हेच ज्यांचे प्रमाण, त्या टिळकांच्या नावाने आजही निघणारे पंचांग मात्र निरयन आहे, आणि त्यातील महिने ऋतूंपासून सरकतच राहणार आहेत. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने ऋतूंशी जुळणारे राष्ट्रीय पंचांग सुचविले आणि ते २२ मार्च १९५७ पासून शासनाने स्वीकारले. त्याचे स्थान आज प्रामुख्याने सरकारी कागदाच्या मथळ्यापुरते उरले आहे.

‘आर्क्टिक होम’ : भूमिती आणि हवामान

‘ओरायन’ हा एका पुराव्याचा ग्रंथ आहे, तर ‘आर्क्टिक होम’ हा अनेक पुराव्यांची रास रचणारा ग्रंथ आहे. १८९७-९८ च्या कारावासात टिळकांचे वेदाध्ययन चालू राहिले आणि मॅक्स म्युलर यांनी पाठविलेली ऋग्वेदाची आवृत्ती त्यांच्याजवळ होती, हे सर्वश्रुत आहे. ऋग्वेदातील दीर्घ उषा, दीर्घ रात्र, देवांचा दिवस म्हणजे मनुष्यांचे वर्ष ही कल्पना, दहा महिन्यांत आटोपणारे गवामयन सत्र, दशग्व आणि नवग्व, अवेस्तातील यिमाच्या निवाऱ्यात वर्ष एका दिवसासारखे भासणे, अशा अनेक उल्लेखांची संगती ध्रुवप्रदेशातील वास्तव्याने लागते, असा या ग्रंथाचा दावा आहे.

या दाव्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे करूनच तपासले पाहिजेत. ध्रुवप्रदेशात दीर्घ दिवस आणि दीर्घ रात्र असते, हा भाग निव्वळ भूमितीचा. तेथे एके काळी मनुष्यवस्तीला योग्य असे सौम्य हवामान होते, हा भाग हवामानशास्त्राचा. पहिला भाग अक्षाच्या कलावर अवलंबून आहे. कल २४.५ अंश झाला तरी आर्क्टिक वृत्त फार तर एका अंशाने दक्षिणेकडे येईल. म्हणजे हवामान कितीही बदलले तरी ध्रुवावरच्या रात्रीची लांबी बदलत नाही. टिळकांनी ऊब-थंडीपेक्षा उजेड-अंधाराच्या उल्लेखांवर भर दिला, कारण पहिले बदलते आणि दुसरे स्थिर राहते. ही निवड करणाऱ्याला खगोलाची जाण होती यात शंका नाही. ध्रुवावरील संधिप्रकाशाचे त्यांचे वर्णनही चोख आहे. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर आल्यापासून उगवेपर्यंत तेथे सुमारे पन्नास दिवस लागतात आणि या काळात उषेचा उजेड क्षितिजाभोवती गोल फिरत राहतो. एका जागी थबकलेली नव्हे, तर प्रदक्षिणा घालणारी पहाट ही कल्पना त्यांनी वाचकासमोर फार समर्थपणे उभी केली आहे.

तरीही पुराव्याचा अर्थ लावताना ते घाई करतात. तैत्तिरीय संहितेत तीस उषांचा उल्लेख आहे. टिळकांना तो तीस दिवस चालणाऱ्या एका उषेचा वाटतो. महिन्याच्या तीस दिवसांच्या तीस उषा, असा साधा अर्थही तेथे लागू पडतो. जेथे दोन अर्थ शक्य आहेत तेथे ध्रुवाचा अर्थच घ्यावा, हा त्यांचा आग्रह ग्रंथभर जाणवतो. असे शंभर उल्लेख एकत्र केले तरी ते शंभर पुरावे होत नाहीत, कारण ते एकाच गृहीतकाने निवडलेले असतात. तसेच देवांच्या सहा महिन्यांच्या रात्रीची कल्पना ध्रुवावर न जाताही सुचू शकते. उत्तरेकडे जावे तसा उन्हाळ्यातील दिवस वाढत जातो हे पाहणाऱ्या गणितज्ञाला त्याचे टोक कल्पिता येते. भारतीय सिद्धान्तग्रंथांत मेरूवरच्या दिवसरात्रीची चर्चा आहे ती याच प्रकारची.

खरी चूक दुसऱ्या भागात आहे. ती आजवरच्या मराठी चर्चेत पुरेशी स्पष्ट झालेली नाही, म्हणून तिचा विस्ताराने विचार करणे आवश्यक वाटते.

सौम्य ध्रुवीय हवामानासाठी टिळकांनी आधार घेतला तो जेम्स क्रोल यांच्या सिद्धान्ताचा आणि त्याचे लोकप्रिय विवरण करणाऱ्या रॉबर्ट बॉल यांच्या ‘द कॉज ऑफ ॲन आइस एज’ (१८९१) या ग्रंथाचा. (क्रोल हे ग्लासगोच्या एका महाविद्यालयात रखवालदार होते आणि तेथील ग्रंथालयात बसून त्यांनी हा अभ्यास केला. महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकाची चर्चा निघते तेव्हा हे नाव आठवते.) बॉल यांनी दाखविले की कोणत्याही गोलार्धाला वर्षभरात मिळणाऱ्या उष्णतेपैकी ६३ टक्के उन्हाळ्याच्या अर्ध्या वर्षात आणि ३७ टक्के हिवाळ्याच्या अर्ध्या वर्षात मिळते. हे प्रमाण अंतरावर नव्हे, केवळ अक्षाच्या कलावर ठरते. उत्केंद्रता वाढली तर बदलते ती ऋतूंची लांबी. आज उत्तर गोलार्धाचे उन्हाळी अर्धवर्ष हिवाळी अर्धवर्षापेक्षा सुमारे साडेसात दिवसांनी मोठे आहे. बॉल यांच्या हिशेबाने हा फरक ३३ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. हिवाळा सूर्यापासून दूरच्या भागात आला तर तो दीर्घ आणि कडक होईल, बर्फ साचेल आणि हिमयुग येईल, असे क्रोल यांचे म्हणणे. याउलट हिवाळा सूर्याजवळ आणि उन्हाळा दूर असेल तर हिवाळा आखूड व उबदार, उन्हाळा दीर्घ व शीतल होईल. टिळकांना आंतरहिमकालात ध्रुवावर जो जवळजवळ नित्य वसंत अभिप्रेत आहे तो या दुसऱ्या स्थितीतला.

क्रोल यांना कारण बरोबर सापडले होते, पण दिशा उलटी लागली. सर्बियाचे मिलुटिन मिलांकोविच यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळापासून (बुडापेस्टमध्ये नजरकैदेत असताना तेथील अकादमीच्या ग्रंथालयात बसून त्यांनी बरेच काम केले) हे गणित पुन्हा मांडले आणि १९४१ साली ते ग्रंथरूपाने पूर्ण केले. त्यांच्या मते हिमयुगाची किल्ली हिवाळ्यात नसून उन्हाळ्यात आहे. ध्रुवाकडील प्रदेशात हिवाळा कसाही असला तरी हिम पडतेच. प्रश्न असतो तो पुढच्या उन्हाळ्यात ते वितळते की नाही, एवढाच. उन्हाळा शीतल असला की गेल्या वर्षीचे हिम शिल्लक राहते, त्यावर नवे पडते आणि हजारो वर्षांत हिमनद जमतात. १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातील गाळाच्या नमुन्यांतून कक्षेची हीच आवर्तने मोजून दाखविली. तेव्हापासून हिमयुगांची लय पृथ्वीच्या स्थितीशी बांधलेली आहे हे सर्वसाधारणपणे मान्य झाले, जरी तपशिलाचे वाद चालू असले तरी.

याचा टिळकांच्या मांडणीवर होणारा परिणाम गंभीर आहे. उबदार हिवाळा आणि शीतल उन्हाळा ही ज्या कक्षास्थितीची देणगी, ती स्थिती नित्य वसंताची नसून हिमयुगाच्या आरंभाला अनुकूल अशी आहे. ज्याला ते नंदनवन समजत होते ती बर्फाची पेरणी होती. उलट, ज्या आंतरहिमकालात उत्तरेकडील प्रदेश आजच्यापेक्षा अधिक उबदार झाला होता, त्या सुमारे १ लाख ३० हजार ते १ लाख १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळाचा उबदार टप्पा तीव्र उन्हाळ्याचा होता. तेथे ऋतू मावळले नव्हते, ते अधिक प्रखर झाले होते. अर्थात हा दोष टिळकांचा एकट्याचा नाही. त्यांच्यापुढे १९०३ साली उपलब्ध असलेला सर्वांत गंभीर सिद्धान्त हाच होता.

कालक्रमाचा प्रश्न

क्रोल यांचे कारण स्वीकारताना टिळकांनी त्यांचे कालमापन मात्र नाकारले. क्रोल यांच्या हिशेबाने हिमयुग सुमारे ८० हजार वर्षांपूर्वी संपले. अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी नायगारा धबधब्याच्या झिजेसारख्या खुणांवरून हा काळ बराच अलीकडे आणला होता. टिळकांनी त्यांची बाजू घेतली आणि हिमयुगाची अखेर इसवी सनापूर्वी १०,००० ते ८००० च्या सुमारास ठरविली. आज होलोसीन कालखंडाचा आरंभ सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ९७०० मानला जातो. दोन मतांपैकी नेमके खरे ठरणारे मत त्यांनी उचलले, ही त्यांच्या विवेकाची साक्ष आहे.

पण या तारखेला त्यांनी जी घटना बसविली ती तेथे बसत नाही. त्यांच्या कालपटात मूलस्थानाचा हिमाने झालेला नाश आणि हिमोत्तर काळाचा आरंभ या दोन गोष्टी एकाच ओळीत येतात. वास्तविक शेवटचे हिमयुग सुमारे १ लाख १५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाले आणि सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी कळसाला पोहोचले. टिळक ज्या वेळी घर बुडाले म्हणतात त्या वेळी बर्फ येत नव्हते, जात होते. आरंभी सांगितलेली आकडेवारी येथे उपयोगी पडते. इसवी सनापूर्वी ९००० च्या सुमारास उपसूर्य बिंदू उत्तरेच्या उन्हाळ्यात होता आणि अक्षाचा कलही जवळजवळ कमाल होता. उत्तर गोलार्धाचा उन्हाळा गेल्या कित्येक सहस्रकांत इतका तळपला नव्हता. तेव्हा सौम्य ध्रुवीय वास्तव्य आणि हिमप्रलय यांची स्मृती वेदांत शोधायची असेल, तर ती काही सहस्रकांची न राहता लाखाहून अधिक वर्षांची मानावी लागेल. मौखिक परंपरेवर कितीही श्रद्धा असली तरी हे ओझे तिला पेलणारे नाही.

टिळकांनी न पाहिलेला परिणाम

या दोन ग्रंथांत संपातचलन दोन भूमिकांत येते. ‘ओरायन’मध्ये ते काळ मोजणारे घड्याळ आहे, ‘आर्क्टिक होम’मध्ये ते हवामान हलविणारे यंत्र आहे. एकाच लेखकाच्या हाती ही दोन्ही साधने होती. परंतु ‘ओरायन’च्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास, या यंत्राने भारताच्याच हवामानाचे काय केले असेल, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांची दृष्टी उत्तरेकडे लागली होती.

तो प्रश्न १९८१ साली अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जॉन कुट्झबाख यांनी विचारला. नऊ हजार वर्षांपूर्वीची कक्षास्थिती त्यांनी संगणकीय प्रतिमानात घातली. तेव्हा उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा सुमारे सात टक्के अधिक सौर ऊर्जा मिळत होती. समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते, म्हणून आशिया आणि आफ्रिकेच्या भूभागावर कमी दाबाचा पट्टा अधिक खोल झाला आणि मान्सून अधिक बळकट झाला. पुढे ओमानमधील कुन्फ गुहेच्या लवणस्तंभांतून असे दिसून आले की गेल्या काही सहस्रकांत तेथील मान्सून उन्हाळी सौर ऊर्जेच्या घटीबरोबर हळूहळू क्षीण होत गेला. राजस्थानातील सांभर, डिडवाना आणि लुणकरणसर या सरोवरांच्या गाळातील परागकणांचा गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकात केलेला अभ्यासही एके काळच्या अधिक ओलसर हवामानाकडे निर्देश करतो. म्हणजे संपातचलनाचा जो प्रत्यक्ष आणि मोजता येणारा परिणाम या भूमीवर झाला, तो ध्रुवावरच्या वसंताचा नसून पावसाचा होता.

टिळकांनी नेमका पाऊसच वेदांतून कमी केला, हे येथे विशेष लक्षणीय आहे. इंद्र आणि वृत्र यांच्या युद्धाचा पर्जन्यपर अर्थ त्यांनी सविस्तर खोडून काढला. कोंडलेले पाणी हे ढगातले नसून दीर्घ रात्रीत अडकलेले आकाशस्थ जल होय, असे त्यांचे म्हणणे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात इंद्राला शंबर चाळिसाव्या शरदात सापडल्याचा उल्लेख आहे. परंपरेने त्याचा अर्थ चाळिसावे वर्ष असा होतो. टिळकांनी तो शरद ऋतूचा चाळिसावा दिवस असा घेतला आणि तेथून ध्रुवीय रात्रीचा आरंभ मोजला. युक्तिवाद चतुर आहे. शरदात पाऊस संपलेला असतो, मग युद्ध पावसासाठी कसे, हा त्यांचा प्रश्नही बिनतोड वाटतो. पण तो वाटतो पर्यायी अर्थ आधी मान्य केला तरच. शब्दाचा रूढ अर्थ ठेवला तर प्रश्नच उरत नाही.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्त या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. वर्षभर निपचित पडलेले बेडूक पर्जन्याने जागे होतात आणि सोमयागातील ऋत्विजांसारखे एकमेकांना साद देतात, असे त्यातील चित्र आहे. कोरड्या महिन्यांची इतकी दीर्घ प्रतीक्षा आणि नंतर एकदम आलेला पाऊस, हा मान्सूनच्या प्रदेशाचा अनुभव आहे. तेथे ध्रुव कोठेही दिसत नाही. या सूक्ताचा काळ सांगणे कठीण आहे आणि पुराहवामानाच्या आधारे तो ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. नाहीतर उषांच्या बाबतीत टिळकांकडून जे झाले तेच आपण बेडकांच्या बाबतीत करू. मान्सूनचे क्षीण होणे हजारो वर्षे चाललेली संथ प्रक्रिया आहे, कोणत्याही एका ऋचेवर तिची तारीख कोरलेली नाही. एवढे मात्र म्हणता येईल की सूर्य आणि पृथ्वी यांच्या बदलत्या नात्याचा माग वैदिक वाङ्मयात घ्यायचा असेल, तर पुढील अभ्यासकाने दीर्घ रात्रीऐवजी आधी पर्जन्यसूक्ते, नद्यांची वर्णने आणि सत्रांतील ऋतुक्रम तपासावा. त्या कामासाठी लागणारे गणित ‘ओरायन’च्या पानांवर तयार आहे आणि त्यात आजही फारशी दुरुस्ती करावी लागत नाही.